अल्बानियातली दोन दिवसांची सहल : पहिला दिवस वाया, दुसऱ्या दिवसासाठी पुन्हा जाईन

दोघांचे मिळून २८,००० लेक (अल्बानियाचं चलन) मोजले. त्यात दोन दिवसांची गाडी, ड्रायव्हर, इंग्रजी बोलणारा गाईड आणि सगळ्या ठिकाणांची तिकिटं आली. जेवणखाण आपलं आपण. पहिला दिवस राजधानी तिराना, दुसरा दिवस श्कोडर. जाहिरातीत लिहिलं होतं, 'जगातल्या पहिल्या नास्तिक देशाची सफर'. त्या एका ओळीवर मी पैसे भरले, कारण मी स्वतः नास्तिक आहे. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, विवेकवादी चळवळीत जमेल तेवढं काम केलं. घरात देव आहेत ते बायकोचे. एका देशाने चक्क राज्यघटनेत धर्म नाकारला होता, तिथे नेमकं काय झालं हे मला जागेवर जाऊन बघायचं होतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. पहिल्या दिवसाची तक्रार मी त्यांना मेलने कळवली आहे, त्यांचं उत्तरही नीट आलं, त्यामुळे चारचौघांत आणखी काही बोलायची गरज वाटत नाही. पण अशा सहली तिथे बऱ्याच कंपन्या काढतात. पैसे भरण्याआधी काय विचारून घ्यावं ते कळावं म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिल्या दिवशी गाईड चाळीस मिनिटं उशिरा आला. पंचविशीतला मुलगा, बोलायला चटपटीत. स्कंदरबेग चौकात उभं राहून त्याने पहिलंच वाक्य टाकलं, की आमच्या लोकांना धर्माचं कधी फारसं पडलेलंच नव्हतं, १९७६ला सरकारने धर्म बंद केला आणि कुणाचं काही अडलं नाही. मी म्हटलं, अहो, १९७६ नाही, १९६७. तो म्हणाला, एकच झालं.

एकच कसं होईल? १९७६ हे राज्यघटनेचं साल. तिच्या ३७व्या कलमात लिहिलं होतं, की राज्य कोणताही धर्म मानत नाही आणि नास्तिक प्रचाराला पाठिंबा देतं. पण तोवर सगळं उरकलं होतं. ६ फेब्रुवारी १९६७ला तेव्हाचा साम्यवादी हुकूमशहा एनव्हर होजा याने धर्माविरुद्ध भाषण केलं, दुर्रेस शहरातल्या एका शाळेतल्या पोरांनी पुढाकार घेतल्याचं दाखवण्यात आलं, आणि त्याच वर्षात देशभरातली मशिदी, चर्च, मठ, दर्गे मिळून २,१६९ प्रार्थनास्थळं बंद झाली. कुठे धान्याचं कोठार झालं, कुठे गोठा, कुठे सिनेमाचं थिएटर, बरीचशी पाडूनच टाकली. नोव्हेंबरमध्ये हुकूम काढून धर्मसंस्थांची कायदेशीर मान्यताच रद्द केली. नंतरच्या घटनेने त्यावर फक्त शिक्का मारला. मधल्या नऊ वर्षांत ज्यांच्या दारावर थाप पडली, त्यांना कुणी 'एकच झालं' म्हणून दाखवावं.

चौकातच एतहेम बे मशीद आहे. छोटी, देखणी. आत-बाहेर भिंतींवर झाडं, धबधबे, पूल रंगवलेले आहेत. मशिदीत असं सहसा दिसत नाही. ती वाचली, कारण १९४८ साली तिची सांस्कृतिक वास्तू म्हणून नोंद झाली होती. वास्तू वाचली, नमाज वाचला नाही. दार बंद ते बंदच. पुढे १८ जानेवारी १९९१ला दहा हजार माणसं सरकारची परवानगी न घेता हातात झेंडे घेऊन या दारातून आत शिरली, आणि पोलीस आडवे आले नाहीत. त्या उंबऱ्यावर उभं असताना हे सांगायला नको का? मी आधी वाचून गेलो होतो म्हणून मला माहीत. तिथे आम्हाला दहा मिनिटं मिळाली.

'पानांचं घर' नावाच्या संग्रहालयात पंचवीस मिनिटं. भिंतीवर वेली चढल्यात, म्हणून हे नाव. १९३१मध्ये एका डॉक्टरने ते बाळंतपणाचं खासगी रुग्णालय म्हणून बांधलं. जर्मन ताब्याच्या काळात गेस्टापो तिथे बसली, आणि नंतर सिगुरिमी, म्हणजे होजाच्या गुप्त पोलिसांनी ते लोकांच्या घरातलं बोलणं ऐकण्यासाठी वापरलं. २०१७ साली संग्रहालय झालं. चोरून ऐकायची यंत्रं, टेप, फायली असं सगळं मांडून ठेवलंय, आणि ते शांतपणे वाचत फिरायचं ठिकाण आहे. किमान दोन तास लागतात. आम्हाला मात्र तिथून उठवून एका भेटवस्तूंच्या दुकानात नेलं आणि तिथे पाऊण तास घालवला. बंकरच्या आकाराचे ॲश-ट्रे, होजाचा चेहरा छापलेले कॉफीचे कप. बायकोने एक कप उचलला, कुणाचं चित्र आहे ते विचारलं, उत्तर ऐकलं आणि परत ठेवला.

संध्याकाळी मी कंपनीला फोन केला. म्हटलं, उद्या हाच गाईड असेल तर येत नाही. श्कोडरचं कुणीतरी द्या, आणि तो काळ पाहिलेलं माणूस द्या. त्यांनी तासाभरात व्यवस्था केली. याचे गुण त्यांना द्यायलाच हवेत.

श्कोडर तिरानापासून उत्तरेला साधारण शंभर किलोमीटर. सकाळी सातला निघून नऊच्या आत पोचलो. नव्या गाईड बाई सायकलवर आल्या. श्कोडर सायकलींचं गाव आहे. पोस्टमनपासून आजीबाईपर्यंत सगळे सायकलवर. शेचाळीस वर्षांच्या, शाळेत इतिहास शिकवणाऱ्या, सुट्टीच्या दिवशी गाईडचं काम करणाऱ्या. नमस्कार-चमत्कार झाल्यावर त्यांनी विचारलं, ''तुम्हाला पुस्तकातला इतिहास सांगू, की आमच्या घरचा?'' मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, ''घरचा.''

पण त्या शिक्षिका असल्याने पुस्तकातलाही आला, आणि नीट क्रमाने आला. आधी जमिनी गेल्या. १९४५च्या जमीन सुधारणेत वक्फ आणि चर्चच्या जमिनी सरकारजमा झाल्या, म्हणजे धर्मसंस्थेचं उत्पन्न तुटलं. मग शाळा आणि छापखाने. १९४९च्या हुकमाने धर्मसंस्थांना राजवटीशी निष्ठा लेखी द्यावी लागली आणि मुलांच्या शिक्षणाचा हक्क राज्याकडे गेला. मग माणसं : धर्मगुरू तुरुंगात, मजुरीच्या छावण्यांत, काही गोळी घालून मारलेले. इमारती सगळ्यात शेवटी. ''इमारत पाडली की फोटोत दिसतं, म्हणून सगळ्यांना १९६७ माहीत,'' बाई म्हणाल्या. ''पण पाडायच्या आधी ती रिकामी करायला बावीस वर्षं लागली होती.''

हे सगळं का, तेही त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितलं. रशियाशी बिनसल्यावर १९६१पासून अल्बानिया चीनच्या गोटात होता आणि १९६६-६७ला तिकडे सांस्कृतिक क्रांती ऐन भरात होती. शिवाय कॅथलिक म्हणजे इटलीचे, ऑर्थोडॉक्स म्हणजे ग्रीसचे, मुसलमान म्हणजे तुर्कांचे, असा संशय होजाला होता; देश एक करायचा तर हे तिन्ही धागे तोडले पाहिजेत, असं त्याचं गणित. आणि होजा या आडनावाचा अर्थच मुळात मशिदीतला मौलवी.

श्कोडरचं 'साक्ष आणि स्मृती' संग्रहालय २०१४मध्ये सुरू झालं. मूळचं कुणाचं तरी जुनं घर, साम्यवादी काळात गृहखात्याची स्थानिक कचेरी आणि कैद्यांच्या कोठड्या. पहिल्या दालनात कालक्रमाने फोटो, कागद, वस्तू. मग बोळ, आणि बोळाच्या दोन्ही अंगांना कोठड्या. त्या जशा होत्या तशाच ठेवल्यात. दारं ठेंगणी, आत शिरताना मान खाली घालावीच लागते. मी एका कोठडीत उभा राहिलो तर दोन्ही हात पसरता येत नव्हते. सजावट नाही, पार्श्वसंगीत नाही, आवाजाचे परिणाम नाहीत. या साधेपणाबद्दल संग्रहालय करणाऱ्यांचे आभार.

इथे बाईंनी आम्हाला तास-दीड तास दिला. एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. दोन माणसांबद्दल त्या थांबून बोलल्या. पहिले श्त्येफेन कुर्ती, सत्तरी ओलांडलेले कॅथलिक पाद्री. छावणीत असताना एका बाईने आपल्या बाळाचा बाप्तिस्मा करायची विनंती केली, त्यांनी तो केला. त्याबद्दल १९७१मध्ये त्यांना मृत्युदंड दिला. बाळाच्या कपाळावर पाणी घातलं, एवढाच गुन्हा. दुसरे एर्नेस्त सिमोनी. २४ डिसेंबर १९६३ला, नाताळच्या आदल्या रात्री प्रार्थना आटोपल्यावर त्यांना पकडलं. अठरा वर्षं मजुरी, त्यातली काही स्पाचच्या खाणीत. सुटल्यावर श्कोडरच्या गटारांत काम करायला लावलं. तोंडपाठ असलेल्या लॅटिन प्रार्थना ते चोरून म्हणत राहिले. सप्टेंबर २०१४मध्ये पोप फ्रान्सिस तिरानाला आले तेव्हा सिमोनींनी ही हकीगत त्यांच्यासमोर सांगितली आणि पोपना रडू आवरलं नाही. दोन वर्षांनी त्यांनी सिमोनींना कार्डिनल केलं, म्हणजे पोपच्या खालोखालचा मान दिला. गटारात राबलेला माणूस, आणि कार्डिनल.

१९७७चा दंडविधान भिंतीवरच्या कागदात शोधायची गरज पडली नाही, बाईंना पाठ होता : धार्मिक प्रचार केला, धार्मिक मजकूर छापला, वाटला किंवा नुसता जवळ बाळगला, तर तीन ते दहा वर्षं. युद्धकाळात किंवा परिणाम 'गंभीर' ठरले तर मृत्युदंडापर्यंत. नुसता जवळ बाळगला तरी. मी तो शब्द वहीत दोनदा लिहून घेतला.

नावांचंही तेच. १९७५च्या हुकमाने धार्मिक वाटणारी नावं बदलायला लावली. त्या काळात मुलांची नावं 'मारेंगलेन' अशीही ठेवली गेली, मार्क्स, एंगल्स आणि लेनिन यांची आद्याक्षरं जोडून. बाईंच्या वर्गात एक मारेंगलेन होता. चांगला मुलगा, म्हणाल्या, आता इटलीत असतो.

जेवायला त्यांनी पादचारी रस्त्याच्या मागच्या गल्लीतली एक खानावळ सुचवली. ब्युरेक, दही, भाजलेल्या मिरच्या. तिथे घरचा इतिहास सुरू झाला, आणि माझ्या दृष्टीने २८,००० लेक तिथे वसूल झाले.

त्यांच्या आजी कॅथलिक. ईस्टरला अंडी लाल रंगवायची रीत. बाजारातून रंग आणला तर दुकानदाराला कळणार, म्हणून वर्षभर कांद्याच्या साली साठवायच्या. त्या उकळल्या की अंड्याला तांबूस रंग येतो. अंडी रात्री उकडायची, पहाटे अंधारात खायची आणि टरफलं चुलीत जाळायची, कारण कचऱ्यात लाल टरफल सापडलं तर संपलं. शाळेत दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिका गोड आवाजात विचारायच्या, काल घरी काय खाल्लं? म्हणून मुलांना अंडी द्यायचीच नाहीत, असं काही घरांत ठरलेलं. त्यांच्या आजीने वेगळं केलं. मुलांना अंडी दिली, पण आदल्या दिवशी आणि न रंगवलेली. पोरांनी खरं तेच सांगावं आणि त्यातून काहीच उघड होऊ नये. रमजान आणि लेंटच्या (ईस्टरआधीच्या) उपासांच्या दिवसांत शाळांत आणि कारखान्यांत मुद्दाम दूध, मांस वाटत. जो नको म्हणेल त्याचं नाव वर कळवायचं.

शेजारचं घर मुसलमानांचं. रमजानमध्ये पहाटे उठून खायचं तर दिवा लावावा लागतो, आणि अख्ख्या गल्लीत एकच खिडकी उजळली की बघणाऱ्याला लगेच कळतं. म्हणून बाईंच्या आजी त्या महिनाभर रोज पहाटे उठून आपल्याही खिडकीत दिवा लावून बसत. दोन घरांत उजेड दिसला की पहाटपाळीची माणसं असतील, असं वाटून जायचं. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. शेजारीण एकदाच म्हणाली, तुमची झोप मोडते. आजी म्हणाली, मला हल्ली झोप येतच नाही.

हे सांगून झाल्यावर त्यांनी पाकिटातून एक कापडी पुरचुंडी काढली. आत एक मळकट पांढरा दोरा, वीतभर. त्यावर ठरावीक अंतराने दहा गाठी. आजीची जपमाळ. मणी ओळखू येतात, म्हणून गाठी. आणि दोरा एप्रनच्या नाडीत ओवलेला, म्हणजे कुणी पाहिलं तरी नाडीच. हात एप्रनशी चाळा करतोय असं दिसावं आणि आत जप चालावा. मधल्या दोन-तीन गाठी बोटं फिरून गुळगुळीत झाल्या होत्या, अगदी चपट्या.

माझी बायको रोज माळ ओढते. तिने हात पुढे केला, बाईंनी दोरा दिला. तिने तो मधल्या बोटावर घेतला आणि अंगठ्याने एकेक गाठ मागे सारत गेली. दहावी गाठ आल्यावर न शिकवता उलटी फिरली. दोघींपैकी कुणीच बोललं नाही. मी चाळीस वर्षं ती माळ घरात पाहत आलोय, तिच्यावरून वादही घातलेत. त्या दोऱ्यावर तिचा अंगठा फिरताना बघून मी पाणी पिण्यासाठी उठलो.

नंतर मी बाईंना विचारलं, तुम्ही स्वतः मानता का? त्यांनी बराच वेळ घेतला. म्हणाल्या, ''मला सांगता येत नाही. आम्हाला शाळेत देव नाही हे पाठ करायला लावलं, परीक्षेत लिहायला लावलं. उत्तर बरोबर आलं तर मार्क. एखादी गोष्ट धाकाने पाठ केली की ती खरी आहे की खोटी हे नंतर आपलं आपल्याला ठरवताच येत नाही. आजीचं तिचं होतं. माझ्याकडे ना तिची श्रद्धा आली, ना माझी अश्रद्धा.''

हे मला फार लागलं, कारण माझी नास्तिकता मला भांडून मिळाली आहे. बाविसाव्या वर्षी वडिलांशी वाद घातला, वर्षभर अबोला होता, पुस्तकं वाचली, चुका केल्या, पुन्हा वाचली. ती माझी आहे, कारण तिला 'नाही' म्हणायची मुभा मला होती. ज्या राज्यात देव नाही असं म्हणणं सक्तीचं होतं, तिथे माझ्यासारख्या माणसालाही जागा नव्हती. तिथे होते फक्त पाठांतर करणारे आणि लपवणारे. जाहिरातीतली 'नास्तिक देश' ही ओळ कंपनीने बदलावी, असं मी त्यांना लिहिलंय. देश नास्तिक नव्हता. सरकारने जबरदस्ती केली होती.

आजच्या अल्बानियाच्या घटनेत, १९९८च्या, १०वं कलम आहे : देशाचा अधिकृत धर्म नाही, आणि श्रद्धा व सद्सद्विवेकाच्या बाबतीत राज्य तटस्थ राहील. बाई वर्गात मुलांना १९७६चं ३७वं आणि १९९८चं १०वं कलम शेजारी शेजारी लिहून देतात आणि फरक शोधायला सांगतात. शिक्षक म्हणून मला ही युक्ती फार आवडली.

दुपारनंतर कॅथेड्रल. संत स्टीफनचं, एकोणिसाव्या शतकातलं, आत शिरल्यावर जाणवतो तो त्याचा प्रचंड मोकळा मधला भाग. १९६७नंतर याचं क्रीडागृह केलं, इथे व्हॉलीबॉलचे सामने व्हायचे. बाईंच्या आईने वेदीच्या जागेसमोर बसून सामने पाहिलेत, आणि आजी एकाही सामन्याला आली नाही, पाय दुखतात म्हणायची. मार्च १९९१मध्ये ते पुन्हा चर्च झालं. २५ एप्रिल १९९३ला पोप जॉन पॉल दुसरे इथे आले आणि त्यांनी चार बिशपांना दीक्षा दिली. राजवटीत जीव गेलेल्या ३८ जणांना ५ नोव्हेंबर २०१६ला इथेच धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, त्यांत कुर्तीही आले. बायकोने मेणबत्ती लावली. बाई आणि मी दाराशी थांबलो.

तिथून रमायच्या दफनभूमीत गेलो. ४ नोव्हेंबर १९९०ला दोम (म्हणजे पाद्री) सिमोन युबानींनी इथे उघड्यावर प्रार्थना घेतली. तेवीस वर्षांतली पहिली जाहीर प्रार्थना. युबानी स्वतः सव्वीस वर्षं तुरुंगात काढून आलेले. बाई तेव्हा अकरा वर्षांच्या, आजीचं बोट धरून आलेल्या. त्यांना आठवतं ते एवढंच, की कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे हे तरुणांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे म्हाताऱ्या बायकांकडे बघत होते आणि त्या करतील तसं करत होते.

शेवटचं ठिकाण शिशाची मशीद. गावाबाहेर, रोझाफा किल्ल्याच्या पायथ्याशी, १७७३ची. घुमटांवर शिशाचे पत्रे होते म्हणून हे नाव. मिनार नाही. मोकळ्या जागेत एकटीच उभी, संध्याकाळच्या उजेडात तिचा दगड पिवळसर दिसतो. दफनभूमीतल्या प्रार्थनेनंतर बाराच दिवसांनी, १६ नोव्हेंबर १९९०ला, इथे शुक्रवारचा नमाज झाला. तो घेतला हाफिज सबरी कोचींनी, तेही वीसेक वर्षांची कैद भोगून आलेले. बाईंच्या आजी त्या दिवशी शेजारणीबरोबर इथपर्यंत चालत आल्या होत्या. नमाज होईपर्यंत बाहेर थांबल्या, आणि दोघी चालत परत गेल्या. कुठे थांबल्या होत्या ती जागा बाईंनी दाखवली. बायको तिथे जाऊन उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी आम्ही आपले आपण बसने बेरातला गेलो, ते या सहलीत नव्हतं, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. बेरातच्या लोकांनी जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या अक्षरांत लिहिलेली सहाव्या शतकातली बायबलची पोथी पिढ्यान्‌पिढ्या लपवून जपली होती. १९६८मध्ये ती सरकारच्या हाती लागली. आणि ज्या राजवटीत बायबल घरात ठेवलं तर कैद, त्याच राजवटीने ती पोथी १९७१ला दुरुस्तीसाठी चीनला पाठवली, वारसा म्हणून. एतहेम बे मशिदीचं जे झालं तेच : वस्तू मोलाची, ती हातात धरून प्रार्थना करणारा माणूस गुन्हेगार.

तिरानाचा विमानतळ मदर तेरेसांच्या नावाने आहे, हे परतताना पाटीवर पाहिलं. त्यांची आई आणि बहीण याच शहरात राहायच्या. त्यांना बाहेर पडू दिलं नाही, मदरना आत येऊ दिलं नाही. आई १९७२ला गेली, बहीण त्यानंतर वर्षभराने. मदरना इथे यायला १९८९ साल उजाडलं, तेव्हा भेटायला कबरीच होत्या. आपल्याकडे त्यांच्याबद्दल एवढं बोललं जातं, लिहिलं जातं, आणि ही गोष्ट मला साठी उलटल्यावर एका विमानतळावर बायकोने सांगितली.

आता गुण. पहिल्या दिवसाला पाचपैकी दीड, तोही गाडी आणि ड्रायव्हर चांगला होता म्हणून. दुसऱ्या दिवसाला पाचपैकी पाच. पैशांचं म्हणाल तर तिराना स्वतः पायी फिरा, 'पानांच्या घरा'ला सकाळ द्या, आणि गाईडचे पैसे फक्त श्कोडरसाठी मोजा. कुठल्याही कंपनीकडे जा, पण आधी तीन गोष्टी विचारा : गाईड श्कोडरचा आहे का, संग्रहालयात किती वेळ देणार, आणि वाटेत दुकानं आहेत का. श्कोडरला सकाळी लवकर पोचा, जेवण घाईत उरकू नका, आणि शिशाची मशीद उन्हं उतरताना ठेवा. गुडघेदुखी असेल तर कोठड्यांच्या बोळात सांभाळून, उंबरे उंच आहेत.

श्कोडरच्या बाई मिळाल्या, तर त्या दोरा आपणहून दाखवत नाहीत. जेवण झालं की विचारा.